मामाच्या लग्नाची डीव्हीडी

मेच्या सुट्टीत खानापूरला मामाकडे गेले होते. जेवणं झाल्यावर मामीनं कपाटातून एक डीव्हीडी काढून प्लेअरमध्ये घातली. मामाचं लग्न. पडद्यावर आजी हळद दळायला बसलेली, नऊवारीचा पदर खोचून, जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी धरून. मामाची नात डीव्हीडीचं खोकं उलटंसुलटं करून बघत होती. तिनं विचारलं, "आजोबा, दोन हजार पंधराला पणजी होती काय?"

खोक्यावर लिहिलेलं तसंच होतं. कॉपी मारून देणाऱ्या दुकानाचं लेबल, त्यावर गावाचं नाव 'बेळगावी' आणि खाली २०१५. दुसरं अक्षर नाही. आजी १९९९ साली गेली. लग्न झालं १९९३ च्या मे महिन्यात.

इथं अमेरिकेत, ओहायोमधल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत, मी असल्याच प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवायचं काम करते. फोनवर सगळे विचारतात, "लायब्ररीत काय करतीस, पुस्तकं देतीस होय?" देत नाही. मी कॅटलॉगिंग करते, म्हणजे नोंदी घालते, आणि माझ्या वाट्याला बहुतेक व्हिडिओ येतात. त्यातही जुन्या कॅसेटवरून डिस्कवर उतरवलेले जास्त. जपानच्या जेव्हीसी कंपनीनं १९७६ मध्ये व्हीएचएस ही घरगुती व्हिडिओ कॅसेट आणली, आणि २०१६ च्या जुलैत फुनाई या शेवटच्या मोठ्या कंपनीनं व्हीसीआर, म्हणजे ती कॅसेट लावायचं मशीन, बनवायचं थांबवलं. टेप अजून आहेत, त्यांना लावायचं मशीन मिळेनासं झालंय. अशा वेळी इथल्या कॉपीराइट कायद्याचं कलम १०८ लायब्ररीला तीनपर्यंत प्रती करू देतं, पण आधी रास्त किमतीत नवी प्रत कुठं मिळते का ते शोधावं लागतं. आपल्याकडेही कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडच्या वस्तूची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. हे गावातल्या फार कमी वाचनालयांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम लिहितेय.

प्रत झाली की पेच सुरू होतो. नोंद कशाची घालायची? हातात डिस्क आहे, पण आत जे दिसतंय ते कॅसेटवर चित्रित झालेलं. मार्क २१ नावाचा नोंदीचा साचा आहे, त्यात ००८ नंबरची चाळीस अक्षरांची एक पट्टी असते. तिच्यात सालासाठी चार-चार अक्षरांच्या दोन जागा आहेत आणि त्यांच्या अगदी आधी एक अक्षर. ते अक्षर 'पी' असलं की वाचणाऱ्याला कळतं, पहिलं साल ही वस्तू बाहेर पडली त्याचं आणि दुसरं मुळात चित्रण झालं त्याचं. मला ही पट्टी फार आवडते. ज्यांनी ती आखली त्यांना वस्तूला दोन वयं असू शकतात हे माहीत होतं.

मायक्रोफिल्मसारख्या (छापील पानांचे बारीक फोटो असलेली फिल्म) प्रतींसाठी इथली जुनी रीत अशी की मुख्य वर्णन मूळ वस्तूचं करायचं आणि प्रत कुणी, कुठं, कधी काढली ते ५३३ च्या रकान्यात घालायचं. २०१३ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या सरकारी लायब्ररीनं, नोंदी घालायचे आरडीए नावाचे नवे नियम घेतले. त्यांत हातातली वस्तू आहे तशी लिहायची आणि मुळाशी तिचं नातं वेगळं सांगायचं. व्हिडिओला मला हीच रीत पटते. डिस्क मागायला आलेल्या मुलाला आधी कळायला हवं की ही डिस्क आहे, कॅसेट नव्हे. मुळाची हकिकत ५३४ च्या रकान्यात जाते, आणि मी ती कधी गाळत नाही. आमची नोंद वर्ल्डकॅट या जगभरच्या लायब्रऱ्यांच्या सामाईक यादीत गेली की दुसऱ्या लायब्रऱ्या तीच उचलतात, त्यामुळे एक चुकलेलं साल कुठल्या कुठं पोचतं.

आणखी एक गोष्ट बघावी लागते, प्रत पुरी आहे का. मामाच्या घरी हे मला नको इतकं कळलं. आजीनं जात्यावर ओवी धरली, "पहिली माझी ओवी" एवढं म्हणाली, शेजारच्या बायकांनी सूर मिळवला, आणि पडदा निळा. कॅसेट तीन तासांची होती. साध्या डीव्हीडीत चांगल्या दर्जाचं चित्र दोनेक तासच मावतं. दुकानदारानं डिस्क भरली तिथं थांबवलं आणि कुणाला सांगितलं नाही. कॅमेरावाल्यानं हळद कॅसेटच्या शेवटी जोडलेली होती, म्हणून नेमकी आजी तुटली.

"कॅसेट कुठं हाय, मामा?"

"टाकली की गं. मशीनच नाही घरात, ठेवून काय करायचं?"

मी थोडा वेळ काही बोलले नाही. मग मामीकडून लग्नपत्रिका मागून घेतली आणि वहीच्या पानावर नोंद लिहायला बसले. डिस्कवर जे छापलंय ते जसंच्या तसं: बेळगावी, २०१५. पत्रिकेवरून घेतलेलं चौकटी कंसात, कारण ते डिस्कवर नाही: खानापूर, जिल्हा बेळगाव, मे १९९३. दोन्ही नावं ठेवली. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, म्हणून पत्रिकेवरचं बेळगाव खोडायचं नसतं. आपल्या भागात ह्या एका अक्षराला किती धार आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. खाली लिहिलं: व्हीएचएस कॅसेटवरून प्रत, अपुरी, शेवटचा सुमारे एक तास नाही.

"मूळ कॅसेट" असं लिहून मी थांबले तेव्हा मामी म्हणाली, "कॅमेरावाल्यानं दोन दिल्या होत्या की. एक आमच्या निपाणीला." मामानं लगेच फोन लावला. दोन दिवसांनी मामीच्या भावानं माळ्यावरून ती काढली. कडेला बुरशीचा पांढरा थर आहे, पण टेप तुटलेली नाही.

मी ती इकडे आणली नाही. आमचे व्हीसीआर 'एनटीएससी' या इथल्या टीव्ही पद्धतीचे, चित्राला ५२५ ओळी. आपली कॅसेट 'पाल' (PAL) या आपल्याकडच्या पद्धतीची, ६२५ ओळींची, इथल्या मशीनवर नीट दिसणार नाही. ती निपाणीतच आहे, कोरड्या डब्यात, उभी ठेवलेली. साफ केल्याशिवाय कुठल्याही मशीनमध्ये घालायची नाही असं मामाला बजावून आलेय. बेळगाव, शहापूर, खानापूर, निपाणी, कुठंही कुणाकडे चालू स्थितीतला व्हीसीआर असेल, किंवा बुरशी लागलेली टेप साफ करणारा जुना कॅमेरावाला माहीत असेल, तर मला कळवा. पाऊस लागायच्या आत व्हायला हवं.