नो ब्लॉकर्स

"नो ब्लॉकर्स," म्हणून टीमचा सकाळचा कॉल संपवला. टिळकवाडीतलं घर, मागे आई शेंगा सोलत बसलेली.

"रोज काय रे म्हणतोस ते?"

"अडचण नाही, असं."

"मग रात्री दोनपर्यंत जागतोस कशाला?"

उत्तर नव्हतं. तीन दिवस कोडमधला एक बग (चूक) सुटत नाहीये आणि टीममध्ये कुणाला पत्ताही नाही.

संशोधक एमी एडमंडसन यांचा १९९६ चा अभ्यास आठवला. रुग्णालयांतल्या चांगल्या टीममध्ये औषधांच्या नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या! चुका जास्त होत होत्या असं नाही. तिथं त्या बोलून दाखवता येत होत्या. हे वाचून मी मान डोलावली होती (आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'नो ब्लॉकर्स').

टीममध्ये आम्ही आठ जण. बाकीचे सात रात्री किती वाजता झोपत असतील?