एकच डबा, दोन पेशंट

न्यूरोलॉजीच्या ओपीडीला लागूनच माझी खोली आहे. मी आहारतज्ज्ञ. अपॉइंटमेंट देतानाच आमच्याकडे प्रत्येकाला बजावून सांगतात, की घरात जी काही पावडर, चूर्ण, ताकदीचं औषध चालू असेल ते बरोबर घेऊन या. फोटो चालणार नाही, डबाच आणा. लोक फोटो काढतात तो दर्शनी बाजूचा आणि मला वाचायची असते मागची.

त्या दिवशी लागोपाठच्या दोन पेशंटांच्या पिशवीतून एकच डबा निघाला. प्रोटीन पावडरचा, काळा, रुंद तोंडाचा, वर पिळदार दंडाचं चित्र. कंपनी तीच, चव तीच. दोन्हीकडे तो आणून देणारा घरातला जिमला जाणारा तरुण मुलगा होता, यातही नवल नाही. पण पहिल्याला कंपवात (पार्किन्सन) होता आणि दुसरीला एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. दोघांनाही "हा घ्यायचा की नाही?" एवढंच विचारायचं होतं.

पहिले काका सत्तरीतले. कंपवात बराच जुना, त्यावरचं मुख्य औषध लेव्होडोपा, त्याच्या गोळ्या दिवसातून पाच वेळा. वर्षभरात वजन 66 वरून 58 वर आलेलं. न्यूरोलॉजिस्टने फाइलवर लिहिलं होतं की सकाळची गोळी हल्ली लागू पडत नाही, डोस वाढवण्याचा विचार आहे, त्याआधी आहार बघावा. काकूंनी एका वहीत रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्याही रेघा मारून, रकाने पाडून. अशी वही समोर आली की माझं अर्धं काम झालेलं असतं.

"आधी आठला गोळी घेतली की पाऊण तासात हे स्वतःचे स्वतः उठून दाढी करायचे," काकू म्हणाल्या. "आता अकरा वाजतात. तोवर पाय जमिनीला चिकटल्यासारखे. उंबऱ्यापाशी तर पुढे सरकतच नाहीत."

मी वही मागे मागे चाळत गेले. अकरा वाजेपर्यंतचा हा प्रकार एका ठरावीक आठवड्यापासून सुरू झाला होता.

"हा डबा कधी आणला?"

मुलाने तारीख सांगितली. तोच आठवडा.

"आणि घेता कधी?"

"सकाळी, गोळीबरोबरच," काका हळू आवाजात म्हणाले. "पाण्याने गोळी घशात अडकते. हे जरा दाट असतं, बरं जातं."

मुलगा चपापला. "पण मॅडम, हे आयसोलेट आहे. नव्वद टक्के प्रोटीन. याच्याहून प्युअर काही मिळत नाही."

खरंच होतं त्याचं. डब्यात खोट काहीच नव्हती. मागे लिहिलं होतं: एका स्कूपमध्ये 25 ग्रॅम प्रोटीन, त्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपास ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक. स्नायू कमावणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. पण लेव्होडोपा हेही रासायनिकदृष्ट्या एक अमिनो आम्लच आहे. लहान आतड्यातून रक्तात जाताना आणि पुढे रक्तातून मेंदूत शिरताना त्याला जे वाहक लागतात, तेच ल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलॅनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन यांनाही लागतात. एकाच अरुंद दारातून सगळ्यांना आत जायचंय. काकांची गोळी रोज सकाळी त्या दारात गर्दीसकट पोचत होती. शिवाय आतड्यात लेव्होडोपा शोषला जातो तो वरच्याच भागात, आणि रक्तात तो फार वेळ टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मा होतो. दारातली गर्दी ओसरेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असते.

प्युअर असणं इथे उलट अंगावर आलं होतं. व्हे, म्हणजे डब्यातलं हे दुधाच्या निवळीचं प्रोटीन, पटकन पचतं, अमिनो आम्लं रक्तात एकदम चढतात, आणि तीही ऐन गोळीच्या वेळी.

मुलाने लगेच फोन काढला. "मग वाटाण्याचं प्रोटीन घेऊ? वनस्पतीजन्य असतं ते."

या प्रश्नाचं उत्तर मला दर आठवड्याला द्यावं लागतं. प्रोटीन दुधाचं असो, सोयाबीनचं असो की वाटाण्याचं, पोटात गेल्यावर त्याची अमिनो आम्लंच होतात. ल्युसिनच्या प्रमाणात थोडाफार फरक पडतो, दारातली गर्दी काही हटत नाही. कोलॅजेनबद्दलही त्याने विचारलं. कोलॅजेनमध्ये ट्रिप्टोफॅन नसतंच, स्नायूंसाठी ते अपुरं प्रोटीन आहे. डब्यावर ग्रॅमचा आकडा कितीही मोठा छापलेला असो. मग क्रिएटिनचा, म्हणजे जिममध्ये घेतात त्या आणखी एका पावडरीचा विषय निघाला. कंपवातात क्रिएटिनची मोठी चाचणी अमेरिकेत झालेली आहे, 1,741 लोकांवर, रोज 10 ग्रॅम. आजाराच्या वाटचालीत काही फरक दिसेना म्हणून ती 2013 मध्ये थांबवली. हे सांगितल्यावर तो जरा गप्प झाला. पोरगा मनापासून वडिलांसाठी धडपडत होता, आणि सगळी माहिती त्याला निरोगी माणसांसाठी लिहिलेल्या जागांवरून मिळालेली होती.

खरी पंचाईत पुढेच होती. हे सगळं ऐकून काकूंनी डबा पिशवीत टाकला आणि म्हणाल्या, "मग बंदच करून टाकते. दूध, अंडं, कडधान्यं, सगळंच बंद करते. गोळी तरी लागू पडेल."

मला डब्यापेक्षा या वाक्याची धास्ती जास्त वाटते. 58 किलोच्या, वजन उतरत चाललेल्या माणसाला रोज निदान 60 ते 70 ग्रॅम प्रोटीन हवं. आदल्या दिवशीचं खाणं विचारून मी हिशोब मांडला तर शेक वगळता जेमतेम 40 भरत होतं. सकाळच्या जखडण्याच्या नादात प्रोटीन तोडलं की मांड्यांचे स्नायू जातात, आणि मग गोळी लागू पडली तरी उठून उभं राहायला पायांत जोर उरत नाही. माणूस पडतो, हाड मोडतं. अशा घरांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान अर्धवट वाचलेल्या सल्ल्यानेच झालेलं मी पाहिलं आहे.

म्हणून काकूंना मी घड्याळ धरायला सांगितलं. गोळी साध्या पाण्याबरोबर, खाण्याआधी निदान अर्धा तास. आणि खाणं झालं असेल तर त्यानंतर तास-दीड तासाने. सकाळी-दुपारी हलकं, पिठूळ पदार्थ आणि फळं जास्त. प्रोटीनचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात, आणि स्कूप त्याच्यानंतर. गोळी घशात अडकते त्याची वेगळी दखल घेतली. पाणी चमच्याने घेऊन, हनुवटी जरा खाली करून काका कसं गिळतात ते आमच्या स्पीच थेरपिस्टने पाहिलं. डोसला हात लावायचा नाही, तो डॉक्टरांचा विषय. फाइलवर मी गोळीची आणि शेकची वेळ शेजारी शेजारी लिहिली. डॉक्टरांनी तीन आठवडे थांबायचं कबूल केलं.

निघता निघता काकूंनी पिशवीतून आणखी दोन पुडे काढले. एक सर्वसाधारण पोषणाची पावडर, जिच्यात जीवनसत्त्वांबरोबर लोहही घातलं होतं. लोह लेव्होडोपाला पोटातच धरून ठेवतं, त्यामुळे तीही गोळीपासून लांबच ठेवायची. दुसरा पुडा "मेंदूला बळ" देणारा. मागची बारीक अक्षरं वाचली तर त्यात खाजकुहिली. तिच्या बियांत मुळातच लेव्होडोपा असतो, आणि पुड्यातल्या एका चमच्यात तो किती, हे पुड्यावर कुठेच छापलेलं नव्हतं. पाच वेळा मोजून गोळ्या घेणाऱ्या माणसाने वर न मोजलेला डोस घ्यायचा, हा कुठला न्याय! तो पुडा मी ठेवून घेतला आणि डॉक्टरांना दाखवला.

दुसऱ्या बाई पन्नाशीच्या. एएलएसचं निदान होऊन वर्ष व्हायचं होतं. बोलणं जड झालेलं, त्यामुळे मुलगी बोलत होती आणि बाई मधे मधे पाटीवर लिहीत होत्या. हाच काळा डबा, दिवसातून तीन वेळा, पाण्यात घोळून. चावायला दम लागतो म्हणून जेवणाऐवजी शेक. मुलीने अभिमानाने सांगितलं, "आईचं रोजचं 75 ग्रॅम प्रोटीन नुसत्या शेकमधूनच होतं."

वजनाचा आकडा मात्र घसरतच होता.

इथे लेव्होडोपाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न उष्मांकांचा होता. एक स्कूप म्हणजे साधारण 120 कॅलरी, तीन स्कूप म्हणजे 360. बाकी दिवसभरात चार घास. प्रोटीनने पोट भरल्यासारखं वाटतं, म्हणून भूक लागत नव्हती. त्यात एएलएसमध्ये अनेकांचं शरीर बसल्याजागी नेहमीपेक्षा जास्त उष्मांक जाळतं, आणि या आजारात वजन उतरणं हे आयुर्मानाच्या दृष्टीने वाईट लक्षण धरतात. उष्मांक अपुरे पडले की शरीर ते 75 ग्रॅम प्रोटीनही इंधन म्हणून जाळून टाकतं.

"मग बीसीएए वेगळं देऊ का? स्नायू वाचतील," मुलीने विचारलं. बीसीएए म्हणजे डब्यामागे लिहिलेली तीच ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन, पण सुटी. त्याचीही बाटली घरात येऊन पडली होती. एएलएस आणि ही तीन अमिनो आम्लं यांचा इतिहास फारसा बरा नाही. 1988 मध्ये एका छोट्या अभ्यासात आशा दिसली होती. पुढे इटलीत मोठी चाचणी सुरू झाली आणि अमिनो आम्लं घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त दिसू लागल्याने ती मध्येच थांबवावी लागली. ते डोस मोठे होते, ती आम्लं सुटी दिलेली होती. दूध-अंड्यातल्या प्रोटीनला हे लागू करून घाबरायचं कारण नाही. पण ती बाटली उघडू नका, इतकं मी स्पष्ट सांगितलं.

मग शेक कसा पितात ते दाखवा म्हटलं. मुलीने खोलीतच घोळला. बाईंनी दोन घोट घेतले आणि ठसका लागला. डोळ्यांत पाणी, आवाज ओला. पाणी पिताना रोजच असं होतं, असं त्यांनी पाटीवर लिहिलं.

ठसका लागू नये म्हणून पेय किती दाट हवं याच्या पातळ्या असतात; स्पीच थेरपिस्टने त्यांना दुसऱ्या पातळीचा दाटपणा ठरवून दिला होता. तो डोळ्यांनी कळत नाही. दहा मिलीची सिरिंज घेतली, दट्ट्या काढला, खालचं तोंड बोटाने दाबून वरच्या रेघेपर्यंत शेक भरला, बोट काढलं आणि दहा सेकंद मोजले. खाली उरला जेमतेम दोन मिली. म्हणजे पहिली पातळी. दुसरीसाठी चार ते आठ उरायला हवा. दाटपणा आणणारी पावडर घालून लगेच पाहिलं तर आकडा तसाच. मुलगी आणखी एक चमचा टाकायला निघाली, तिला थांबवलं. प्रोटीनच्या द्रवात ही पावडर पाण्यापेक्षा उशिरा फुलते. आणखी चमचा टाकला असता तर थोड्या वेळात खळ झाली असती. काही मिनिटांनी पुन्हा सिरिंज भरली, सहा मिली उरला. बाईंनी तो घेतला, ठसका नाही.

मुलीकडची पावडर स्टार्चची होती, हेही तेव्हाच लक्षात आलं. लाळेतल्या विकराने स्टार्च फुटतो. त्यामुळे एकच पेला तासभर उष्टा करत प्यायला, की शेवटचे घोट पुन्हा पातळ होतात आणि नेमके तेच ठसक्याचे ठरतात. झँथन डिंकाची पावडर आणायला सांगितली, ती लाळेने फुटत नाही. शेक पाण्याऐवजी सायीच्या दुधात, वर तेल किंवा सुकामेव्याचं गुळगुळीत वाटण, स्कूप एकच. स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी मिळतात. दोन-चार घोटांत जास्त बसवायचं तर तेच उपयोगी. त्यांचं एएलएसवरचं औषध रिल्युझोल मात्र रिकाम्या पोटी, जेवणाआधी तासभर, हे तसंच ठेवलं.

पोटातून नळी बसवण्याचा विषय मीच काढला. फुप्फुसांची क्षमता अपेक्षेच्या निम्म्याखाली जाण्याआधी ती बसवलेली बरी, नंतर भूल आणि श्वास दोन्हींचा धोका वाढतो. मुलगी रडायला लागली. बाईंनी पाटी ओढली आणि लिहिलं, "चव घेता येईल ना?" येईल म्हटलं, गिळणं सुरक्षित आहे तोवर तोंडानेही घ्यायचं. त्यांनी मान डोलावली. दीड महिन्यात नळी बसली. घरच्यांनी उरलेली पावडर नळीतून द्यायचं विचारलं, त्याला मी नाही म्हटलं; गुठळ्या होऊन नळी तुंबते. नळीसाठीचं तयार पातळ अन्न चालू केलं, आणि त्यानंतर वजन घसरायचं थांबलं.

काकांची वही तीन आठवड्यांनी आली. सकाळच्या रकान्यात पुन्हा पावणेनऊ लिहिलेलं. डोस वाढवावा लागला नाही. पण रात्री दोनच्या सुमारास कुशीवर वळता येत नाही, काकूंना उठवावं लागतं, अशी नवी तक्रार होती. प्रोटीन सगळं रात्रीवर ढकललं की हे होतं. काकांना विचारलं, सकाळ हवी की रात्र? "दाढी," ते म्हणाले. तेव्हा स्कूपचे दोन भाग केले. एक साडेचारला, दुपारच्या गोळीनंतर दीड तासाने; दुसरा रात्रीच्या जेवणानंतर. झोपतानाच्या गोळीचा प्रकार डॉक्टरांनी बदलून दिला. वजन 59 झालंय, आणि वहीत काकूंनी आता रात्रीसाठी एक नवा रकाना पाडला आहे.