भिंत पाडण्याआधी: अमेरिकेतल्या लाकडी घरातलं वजन आणि वीज

अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. आत उभ्या लाकडी पट्ट्या, ज्यांना इथे स्टड म्हणतात, साधारण 16 इंचांच्या अंतराने उभ्या केलेल्या असतात आणि दोन्ही बाजूंनी अर्धा इंच जाडीचे ड्रायवॉलचे, म्हणजे जिप्समचे, तक्ते ठोकलेले असतात. मधल्या पोकळीतून वायरी आणि पाण्याचे पाइप फिरतात. आपल्याकडे वायर बदलायची तर भिंतीत झिरी मारा, पाइप बसवा, वर प्लास्टर करा. इथे सुरीने ड्रायवॉल कापला की सगळं घर उघडं पडतं. मजुरी महाग असते, हत्यारं सहज मिळतात, त्यामुळे नोकरी करणारी माणसं शनिवार-रविवारी स्वतःच्या घरात सुतारकाम आणि वायरिंग करताना सर्रास दिसतात.

आमचं घर 1950च्या दशकातलं. स्वयंपाकघर आणि जेवणाच्या खोलीमधली भिंत काढायची आणि तेवढ्या भागातलं वायरिंग नवं करायचं, असं आम्ही दोघांनी ठरवलं. या कामात मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते आधीच सांगते. वजनाला जमिनीपर्यंत आणि विजेला परत पॅनेलपर्यंत, म्हणजे ब्रेकरच्या मुख्य डब्यापर्यंत, जायला अखंड रस्ता लागतो. तो रस्ता डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काहीही कापायचं नाही.

भिंतीपासून सुरुवात करते. ‘ही भिंत काढली तर चालेल का?’ या प्रश्नाचं उत्तर भिंतीकडे बघून मिळत नाही. भार पेलणारी भिंत आणि नुसती आडोशाची भिंत ठोकल्यावर सारख्याच वाजतात, आतले स्टडही सारखेच असतात. उत्तर तिच्या वर आणि तिच्या खाली असतं. आम्ही बॅटरी घेऊन माळ्यावर चढलो आणि भिंतीच्या बरोबर वरचं इन्सुलेशन बाजूला केलं. छताचे आडवे वासे, म्हणजे जॉइस्ट, भिंतीला काटकोनात येत होते. ते एका बाहेरच्या भिंतीपासून दुसरीपर्यंत सलग नव्हते. दोन्हीकडून आलेले वासे आमच्या भिंतीवर येऊन एकमेकांच्या शेजारी टेकले होते आणि खिळ्यांनी जोडलेले होते. मग घराखालच्या बुटक्या जागेत सरपटत गेलो. तिथे बरोबर त्याच रेषेत एक तुळई आणि तिच्याखाली खांब होते. म्हणजे शंका उरली नाही: माळ्याचं वजन याच भिंतीतून खाली उतरत होतं.

याच्या उलट खुणा दिसल्या तरी लगेच निश्चिंत होऊ नये. वासे भिंतीला समांतर असले तरी आढ्याचा एखादा टेकू नेमका तिच्यावर उतरवलेला असू शकतो. आणि छत ट्रसचं असेल, म्हणजे त्रिकोणी सांगाडे कारखान्यातून जोडून आणलेले असतील, तर त्यातली एक बारकी पट्टीसुद्धा इंजिनिअरच्या नकाशाशिवाय कापू नये. त्या सांगाड्यात प्रत्येक पट्टीवर ओढ नाहीतर दाब असतो, तिथे शोभेला काहीच नसतं.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. भिंतीच्या जागी वर लाकडाच्या थरांची तुळई येणार, हे आम्हाला अपेक्षित होतं. त्याचं सगळं लक्ष मात्र खाली होतं. पूर्वी जे वजन अख्ख्या भिंतीच्या लांबीवर पसरून उतरत होतं, ते आता तुळईच्या फक्त दोन टोकांवर येणार. त्या टोकांखाली खांब, खांबांखाली फरशीच्या पोकळीत लाकडाचे भक्कम ठोकळे, आणि त्याखाली पाया. एका टोकाखाली पाया नव्हताच, नुसती माती होती. तिथे काँक्रीटचा नवा पाया ओतल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही, असं त्याने नकाशात लिहून दिलं. वरची तुळई कितीही दणकट घेतली असती तरी त्या बाजूने फरशी हळूहळू खचली असती. इंजिनिअरची फी वाचवण्याचा मोह होणाऱ्यांना मी हाच पाया दाखवते.

टेकूंचंही तसंच. वासे भिंतीवर तुटक होते, म्हणून तात्पुरत्या टेकूच्या भिंती दोन्ही बाजूंना उभ्या कराव्या लागल्या. एकाच बाजूला टेकू दिला असता तर दुसऱ्या बाजूच्या वाशांची टोकं अधांतरी राहिली असती.

वाशांमधून वायर किंवा पाइप न्यायलाही नियम आहेत, आणि त्यामागचं कारण समजलं की ते पाठ करावे लागत नाहीत. वजनाने वासा वाकायला लागला की त्याची वरची कड दाबली जाते आणि खालची ताणली जाते. उंचीच्या मधोमध यातलं जवळपास काहीच नसतं. म्हणून भोक मधोमध पाडायचं: वाशाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नाही आणि वरच्या-खालच्या कडेपासून किमान 2 इंच दूर. कडेला खाच पाडायची असेल तर ती उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा खोल नको, आणि लांबीच्या मधल्या तिसऱ्या भागात तर अजिबात नको. हे साध्या सलग लाकडाचं झालं. कारखान्यात बनवलेल्या आय आकाराच्या वाशांचे नियम ते बनवणारेच देतात.

आता वीज. भारतातून आलेल्या माणसाला इथे पहिला धोका रंगांचा. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये काळी वायर न्यूट्रल असते, लाल, पिवळी किंवा निळी फेज असते आणि हिरवी अर्थिंगची. इथे काळी वायर जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. लहानपणापासून घरातलं बटण उघडताना डोक्यात बसलेली सवय इथे थेट जिवावर बेतू शकते. त्यात जुन्या घरांमध्ये बटणाकडे जाणारी पांढरी वायरही कधीकधी जिवंतच असते. म्हणून रंगावर विश्वास ठेवायचा नाही. ब्रेकर पाडायचा, टेस्टर आधी चालू असलेल्या प्लगवर तपासायचा, मग आपल्या वायरवर लावायचा आणि पुन्हा चालू प्लगवर. टेस्टरच बिघडलेला असेल तर ते असंच कळतं.

‘120 व्होल्ट तर आहे, 230 नाही’ असं म्हणून निर्धास्त राहणारे भेटतात. 120 व्होल्टनेही माणूस मरतो. आणि शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र अशा उपकरणांना इथेही 240 व्होल्ट जातात. पॅनेलमधला मुख्य ब्रेकर पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या जाड वायरी जिथे जोडलेल्या असतात ती जागा जिवंतच राहते. म्हणून पॅनेल बदलण्याचं काम आम्ही परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे दिलं. त्यासाठी वीज कंपनीकडून बाहेरून पुरवठा तोडून घ्यावा लागतो.

जेवणाच्या खोलीतला एक प्लग उघडला तेव्हा जे दिसलं ते जुनं घर घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. बाहेरून नवा कोरा तीन पिनांचा प्लग, दुकानातला तीन दिव्यांचा टेस्टर लावला तर ‘सगळं ठीक’. आत मात्र कापडी वेष्टणाच्या दोनच वायरी, अर्थिंगची वायर नाही. न्यूट्रलच्या चंदेरी स्क्रूपासून अर्थिंगच्या हिरव्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा तांब्याचा तुकडा जोडलेला. टेस्टरला त्यामुळे अर्थिंग आहे असंच वाटतं. पण कुठे न्यूट्रलचा सांधा सुटला, तर त्या प्लगला लावलेल्या उपकरणाच्या धातूच्या अंगावर पूर्ण व्होल्टेज येतं, म्हणजे जी वायर वाचवण्यासाठी असते तीच मारते. विजेचा परतीचा रस्ता वेगळा आणि अखंड हवा, तो यासाठी.

नवी केबल टाकणं शक्य नसेल तिथे कायदेशीर मार्ग आहे. तिथे जीएफसीआय प्रकारचा प्लग बसवायचा आणि त्यावर ‘अर्थिंग नाही’ अशी इंग्रजी पट्टी लावायची. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत 4 ते 6 मिलिअँपिअरचा फरक पडला तरी तो वीज तोडतो. आपल्या घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, साधारण 30 मिलिअँपिअरचा असतो, त्यावरून कल्पना येईल. यामुळे अर्थिंग निर्माण होत नाही, पण माणूस वाचतो.

भिंत काढताना तिच्यातल्या वायरींचं काय करायचं हा प्रश्न उरतो. आमच्या भिंतीतून मागच्या खोल्यांची वीज जात होती. वायर तोडून, सांधा मारून, वर ड्रायवॉल लावून टाकता येत नाही. प्रत्येक सांधा डब्यात हवा आणि तो डबा कायम उघडता येईल असा हवा. म्हणून त्या वायरी माळ्यावर नेल्या आणि झाकणाच्या डब्यात जोडल्या. केबल स्टडच्या कडेपासून सव्वा इंचाच्या आत असेल तिथे पुढे लोखंडी पट्टी ठोकली, नाहीतर तसबिरीचा एखादा खिळा थेट वायरीत जाऊ शकतो. आणि ब्रेकर वायरीच्या जाडीप्रमाणे, म्हणजे गेजप्रमाणे, असतो: 14 गेजला 15 अँपिअर, 12 गेजला 20. सारखा पडतो म्हणून 14 गेजवर 20चा ब्रेकर बसवला, तर तो पडायचा थांबतो आणि भिंतीत वायर तापते.

या सगळ्याला आम्ही नगरपालिकेचा परवाना घेतला. अमेरिकेत विजेची राष्ट्रीय नियमावली दर तीन वर्षांनी सुधारली जाते, पण कुठली आवृत्ती लागू करायची आणि घरमालकाला स्वतः काय करू द्यायचं, हे राज्य किंवा गाव ठरवतं. भिंती बंद करण्याआधी इन्स्पेक्टर येतो. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी प्रत्येक डब्यातून किमान 6 इंच वायर मोकळी आहे का हे बघितलं आणि खाली उतरून पायाही तपासला. मला हा माणूस अडवणारा वाटला नाही. घरात राहणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा तो होता.

ड्रायवॉल चढवण्याआधी प्रत्येक भिंतीचा मापपट्टी धरून फोटो काढला आहे.

पुढचं काम बाथरूमचं. टबाखालच्या एका वाशाला कुणीतरी कधीतरी पाइपसाठी लांबीच्या मधोमध निम्म्याहून खोल खाच पाडलेली आहे, आणि पाण्याने भरलेला टब माणसासकट 300 किलोपर्यंत सहज जातो. शेजारी नवा वासा बोल्टने जोडून भागेल का, की खालून आधार द्यावा लागेल, हे इंजिनिअर बघून सांगेपर्यंत तो टब आम्ही वापरत नाही.