कौरव काही शंभर भरेनात

मृग लागला तरी पावसाचा पत्ता नाही, म्हणून परवा दुपारी कूलरमध्ये पाणी टाकायला मागच्या गॅलरीत गेलो तर कृष्णकमळाने कूलरची वायर धरून ठेवलेली. वेलीचा एक तणावा, स्प्रिंगसारखा घट्ट पिळलेला. आणि ताटीला टेकून एक फूल.

मे महिन्यात ४५ डिग्रीत ही वेल जगली ती कूलरच्या ठिबकणाऱ्या पाण्यावर, माझं त्यात काही क्रेडिट नाही. माझं क्रेडिट एवढंच की आधी दोन वर्षं शेणखत घालघालून तिला नुसतं पानांनी माजवली, फूल एक नाही. मग वैतागून खत बंद केलं तर कळ्या. मागच्या पावसाळ्यात तांबड्या काटेरी अळ्यांनी दोन दिवसांत शिरा तेवढ्या ठेवल्या, पण त्यांचीच पुढे केशरी फुलपाखरं होतात म्हणून मारवलं नाही, आणि वेल काय, पुन्हा फुटली.

लहानपणी आजी फूल हातावर ठेवून दाखवायची. हे बाहेरचे जांभळे दोरे शंभर कौरव, आत पाच पांडव, वर ब्रह्मा विष्णू महेश. मी एकदा खरंच बसून मोजले, एकेक दोरा तोडत. ब्याऐंशी. पुन्हा दुसरं फूल, तर शहात्तर. आजीला सांगितलं तर म्हणाली, "काहून फुलं नासवतो रे पोट्ट्या, बाकीचे युद्धात मेले असतील."

मग कॉलेजात सेमिनरी हिल्सकडचा एक ख्रिश्चन मित्र म्हणाला की आमच्यात ते दोरे म्हणजे येशूचा काट्यांचा मुकुट, ते पाच म्हणजे जखमा, वरचे तीन खिळे. कृष्णकमळाला इंग्रजीत पॅशन फ्लॉवर म्हणतात, त्यातलं पॅशन म्हणजे येशूच्या यातना, स्पॅनिश मिशनऱ्यांनी दक्षिण अमेरिकेत हे फूल बघून तसा अर्थ लावला म्हणे. मला तोवर पॅशन म्हणजे भलतंच वाटायचं. म्हणजे वेल तिकडची, तिला ना महाभारत माहीत ना बायबल, आणि आपण सगळे तिच्यात आपापली माणसं मोजत बसलो. आजीला हे सांगायचं राहिलंच.

परवाचं फूल संध्याकाळपर्यंत मिटलं, यावेळी मोजलं नाही.

पाऊस आला की कूलर आत घ्यायचा असतो. आई म्हणाली, सोडव ते. एक तणावा उलटा फिरवून पाहिला तर तुटला. अजून अकरा आहेत.

राहू दे बाहेरच, गंजला तर गंजला.