वचन आणि त्याच्या पुढची ओळ

माझी नोकरी गेली त्या आठवड्यात बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले, २९व्या अध्यायातले ११वे वचन मला सात जणांनी पाठवले. कुठे सूर्योदयाचे चित्र होते, कुठे कबुतर, कुठे नुसतीच सोनेरी अक्षरे. मजकूर मात्र सगळीकडे एकच: देवाच्या मनात तुमच्याविषयी जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, आणि ते तुम्हाला आशा देणारे आहेत. पाठवणाऱ्यांचा जिव्हाळा खरा होता, त्या दिवसांत कोणी आठवण काढली तरी बरे वाटत होते, म्हणून मी प्रत्येकाला ‘आमेन’ एवढेच उत्तर दिले. सातव्यांदा ते वाचताना मात्र लक्षात आले, की हे वाक्य मला लहानपणापासून पाठ आहे आणि त्याच्या आधीचे वाक्य कोणी विचारले तर सांगता येणार नाही. त्या रात्री मी तो अध्याय पहिल्या ओळीपासून वाचला.

तो अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलास, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पाठवले, आणि ११व्या वचनाच्या अगदी आधी त्यात सांगितले आहे, की बाबेलची ७० वर्षे भरल्यावर परमेश्वर तुम्हाला परत आणील. म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकले त्यांतल्या बहुतेक मोठ्या माणसांना मरण परमुलखातच येणार होते. तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असे ते पत्र सांगते. त्याच्या मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर सांगतो, की दोन वर्षांच्या आत सगळे पूर्ववत होईल. त्यावर यिर्मया आधी ‘आमेन, परमेश्वर तसेच करो’ असे म्हणतो आणि मग बजावतो, की शांतीचे भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा, हे त्याचे बोलणे प्रत्यक्षात आल्यावरच कळते. ११वे वचन एकटे कापून चित्रावर छापले, की ते यिर्मयाचे राहत नाही, हनन्याचे होते. ७० वर्षे गळून पडतात आणि उरते ते लवकरच सगळे ठीक होण्याचे आश्वासन. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाला सहसा जाणवत नाही. आपले ‘तुम्ही’ आदरार्थीही असते, त्यामुळे ते वाक्य फोनवर आले की ‘तुम्ही’ म्हणजे मी एकटी असेच वाटते. मूळ हिब्रूत तिथे अनेकवचन आहे आणि ते एका संपूर्ण पराभूत समाजाला उद्देशून आहे.

वचने अशी सुटी करता येतात याचे एक साधे कारण त्यांच्या क्रमांकांत आहे. ते क्रमांक नव्या करारातली अनेक पत्रे लिहिणाऱ्या पौलाने घातले नाहीत, यिर्मयानेही नाहीत. आज आपण वापरतो त्या अध्यायांच्या विभागणीचे श्रेय तेराव्या शतकाच्या आरंभीच्या स्टीफन लँग्टन या इंग्लंडमधल्या धर्मगुरूंना दिले जाते; नव्या कराराची आजची वचनवार विभागणी रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत छापली. पॅरिसहून ल्योंला जाताना प्रवासात त्याने हे काम केले, असे त्याच्या मुलाने लिहून ठेवले आहे, आणि काही ठिकाणचे तुकडे पाहून घोड्याने अडखळल्यावर लेखणी घसरली असावी, असा विनोद अभ्यासक अजूनही करतात. क्रमांक सोयीचे आहेतच, त्यांच्यावाचून उपासनेत सर्वांनी एकाच वेळी एकच ओळ उघडणे अशक्य होते. पण ज्या गोष्टीला स्वतंत्र क्रमांक मिळतो ती स्वतंत्रपणे उभी राहू शकते, असा आपला समज नकळत होऊन बसतो.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले ४:१३, म्हणजे चौथ्या अध्यायातले १३वे वचन, घ्या. जो मला सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो, ही ओळ परीक्षेच्या आदल्या रात्री आणि खेळाच्या मैदानावरही म्हटली जाते. ती लिहिणारा माणूस बेड्यांत होता, आणि त्याचे ‘सर्व काही’ कोणते हे त्याने आधीच्याच वाक्यात सांगितले आहे: पोटभर खाणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई. मला त्याहून विलक्षण वाटते ते १४वे वचन, जे मी कधीही कोणत्याही चित्रावर पाहिलेले नाही. तिथे पौल म्हणतो, की तरीही माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगले केलेत. प्रभूने दिलेल्या सामर्थ्याच्या लगेच पुढे माणसांनी पाठवलेल्या मदतीचे आभार येतात. माझ्या त्या आठवड्यात १३वे वचनही आले होते. १४वे वचन घेऊन एकच जण आला. त्याने वचन वगैरे काही पाठवले नाही, दुपारी येऊन बसला आणि माझे अर्ज नीट लिहून दिले.

दोघे किंवा तिघे जमतात तिथे मी आहे, हे येशूचे वाक्यही असेच आहे. उपासनेला माणसे कमी आली की पाळक हमखास त्याचा आधार घेतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात ते चुकलेल्या भावाला समज कशी द्यावी या कठीण विषयात येते.

संदर्भ तोडून वचन वापरण्याचे सर्वांत ठळक उदाहरण शुभवर्तमानातच आहे, आणि ते सैतानाचे आहे. मंदिराच्या कंगोऱ्यावर उभे करून तो येशूला ९१व्या स्तोत्रातल्या ओळी म्हणून दाखवतो, खाली उडी टाक, देवदूत तुला हातांवर झेलतील असे सांगतो, आणि जिथे थांबतो त्याच्या पुढच्याच ओळीत साप आणि सिंह पायांखाली तुडवण्याची गोष्ट आहे. असे असले तरी या उदाहरणावर मला फार रेटून बोलता येत नाही, कारण लूकच्या शुभवर्तमानात ही गोष्ट ज्या चौथ्या अध्यायात येते त्यातच पुढे नासरेथच्या सभास्थानात येशू यशया संदेष्ट्याचा ग्रंथपट उघडतो आणि सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख येण्याआधीच, वाक्य अर्ध्यावर असताना, थांबतो. तेव्हा ओळ कधी तोडूच नये असे नाही. पण कुठे तोडतो आहोत हे ठाऊक असलेला माणूस आणि पुढे काही आहे याचाच पत्ता नसलेला माणूस यांत फरक आहे. आणि मरणाच्या बिछान्यावर असलेल्याला एकच ओळ पुरते, हेही मी पाहिले आहे. तिथे मला कोणाला अध्याय वाचून दाखवायचा नाही.

आमच्या मंडळीत यावर वाद घालण्याऐवजी आम्ही काही जणांनी एक प्रयोग केला. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल शपथ घालून सांगतो, की हे पत्र सर्व बंधूंना वाचून दाखवा. म्हणजे ही पत्रे कानांनी, आणि एका बैठकीत, ऐकण्यासाठी होती. एका संध्याकाळी आम्ही फिलिप्पैकरांस पत्र मोठ्याने सलग वाचले. चार अध्याय, १०४ वचने, पंधरा-वीस मिनिटे. मध्ये कोणी स्पष्टीकरण द्यायचे नाही, एवढाच नियम. चौथ्या अध्यायात युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नावे घेऊन एकचित्त होण्याची विनंती येते, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका आजी पुटपुटल्या, “दोघी तिथेच बसल्या असतील की हो.” उपदेशातून ही नावे कित्येकदा ऐकली होती, पण त्या भरलेल्या खोलीतली ती अवघडलेली शांतता मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली.

सध्या आम्ही यिर्मया वाचतो आहोत. ५२ अध्याय एका बैठकीत होणे शक्य नाही, म्हणून दर आठवड्याला थोडे. मागच्या वेळी विसावा अध्याय झाला. त्यातले १३वे वचन परमेश्वराचे स्तवन करा असे सांगते आणि १४व्यात तोच संदेष्टा आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, दोन्हींच्या मध्ये काहीही नाही. एकाने विचारले, की स्तवनापाशीच थांबायचे का. वाचणाऱ्या मुलीने आमच्याकडे पाहिले, कोणी काहीच बोलले नाही, आणि तिने पुढचे वाचायला सुरुवात केली.