पाच गाई

परवा दुपारी माळ्यावरची पिशवी उपसताना एक सीडी हाताला लागली. वर मार्करनं, माझ्याच अक्षरात, ‘टुकोज, ५ गाई’. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘ही कुणाच्या गोठ्याची?’

तिला काय सांगणार! अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ग्रंथालयात नोकरी करणाऱ्या एकानं १९९३ साली टुकोज सुरू केलं, म्हणजे नेटवरनं सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं ठिकाण. लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडली आणि त्यातून ‘टू काउज’, म्हणजे ‘दोन गाई’ निघाल्या. मग बाकीचे तारे देतात तिथं यांनी गाई दिल्या. पाच गाई मिळाल्या की डोळे मिटून उतरवून घ्यायचं. १९९६ला त्याच धंद्यात डाउनलोड डॉट कॉम आलं. तिथं गाई-बिई काही नाहीत, कारभार कसा चकाचक.

मी गाईवाला. मावसभाऊ डाउनलोडवाला. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या नेट कॅफेत शेजारशेजारच्या मशीनवर बसून आम्ही गाणी वाजवायचं एकच विनअँप उतरवायचो. आवृत्ती तीच, आकार तोच, एका केबीचाही फरक नाही, आणि पैज लागायची कुणाचं आधी येतंय त्याची. त्याचं पळालं की माझं रांगायचं. आख्ख्या कॅफेला फोनची लाइन एकच होती, पण ते लक्षात कोण घेतो.

‘गाय? आन् ती पण अमेरिकेतली?’ तो म्हणायचा. ‘हितं गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यादेखत म्हशीची धार काढून देतात. गाईचं कौतुक पुण्यात सांग जा.’

या मुद्द्याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं.

तसा फुटबॉलमध्ये तो पाटाकडील तालमीचा आणि मी दिलबहार तालमीचा. का, ते विचारू नका. असल्या गोष्टी आमच्याकडं कुणी ठरवत नाही. मी शाहू स्टेडियमवर पहिली मॅच मामाच्या खांद्यावर बसून बघितली, विषय संपला. मामा त्याचाही तोच, पण त्या दिवशी मावसभाऊ त्याच्या वडिलांच्या खांद्यावर बसला होता. मॅच सुटल्यावर आम्ही दोघं एकाच गाडीवर भेळ खायचो आणि एकमेकांशी बोलायचो नाही. पुडा एकच असायचा.

पण हे खूळ आपलंच, असं समजायचं कारण नाही. अमिगा नावाचा एक कॉम्प्युटर होता. त्याच्या भक्तांनी १९९२ साली अमिनेट नावाचं सॉफ्टवेअरचं कोठार नेटवर उघडलं. फाइल चढवायची तर सोबत ओळखीची चिठ्ठी लागणारच, असा तालमीसारखा नियम. अमिगा काढणारी कमोडोर कंपनी १९९४ला बुडाली. अमिनेट आजही चालू आहे आणि लोक अजून तिथं फाइली चढवतात. वस्ताद गेला, आखाडा राहिला. अटारी हा दुसरा कॉम्प्युटर, त्या अटारीवाल्यांशी त्यांचं जे वाजायचं, त्याची खुमखुमी म्हणे अजून गेलेली नाही. दोन्ही मशीनचा मेंदू मोटोरोलाचाच होता.

सीडी हातात घेऊन मावसभावाला फोन लावला.

‘टुकोजची डाउनलोडं २०२१ला बंद पडली की रे,’ मी म्हटलं. ‘माल सगळा इंटरनेट अर्काइव्हला, नेटवरचं जुनंपानं जपणाऱ्यांना, देऊन टाकला.’

तो क्षणभर गप्प. मला वाटलं, वाईट वाटलं असेल.

‘आमचं चालू हाय,’ तो म्हणाला.

मग मला राहवलं नाही. २०११चं काढलं. तुमच्याकडं सॉफ्टवेअर घ्यायला गेलं की वरनं ब्राउझरमध्ये न मागितलेली टूलबारची पट्टी चिकटवून देत होते, एनमॅप नावाचं नेटवर्क तपासायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं जाहीर बोंब मारली होती, ते दूध पाणी न घातलेलं होतं का? पंधरा मिनिटं भांडलो. दोघांचीही पन्नाशी जवळ आली आहे. मध्ये दोनदा त्याची रेंज गेली, तर दोन्ही वेळा त्यानंच परत लावला.

सीडीत नेमकं काय आहे, ते काही कळलं नाही. माझ्या लॅपटॉपला सीडीची खाचच नाही. त्याच्याकडं जुना डबा आहे, चालतो म्हणे.

पण पाच गाई घेऊन त्याच्या दारात जायचं म्हणजे... बघू, पाऊस उघडू दे.