चाक खोललं म्हणून दिसलं

गोव्यात धारगळला हायवेपासून थोडं आत माझं टायरचं दुकान आहे. पंक्चर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, आणि गेली काही वर्षं चाकं खोलून आतून-बाहेरून धुवायचं कामही करतो. पुष्कळ लोक विचारतात, गाडी धुताना चाकावर पाणी मारतोच की, त्याला वेगळे पैसे कशाला? त्यांना मी सरांच्या गाडीचं सांगतो. आज नीट लिहूनच काढतो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. पहाटे चांगली थंडी, पोदेर (पाववाला) पोंपों करत गेला तेव्हा शटरवरून दवाचं पाणी गळत होतं, आणि नऊ वाजेपर्यंत ऊन चढून टीशर्ट घामाने ओला, आमच्याकडची थंडी ती एवढीच. तेवढ्यात सरांची पांढरी गाडी येऊन थांबली. सरांनी मला चौथीत शिकवलंय, आता रिटायर होऊन मांद्र्याला असतात, समुद्रापासून घर अगदी जवळ, गाडी बाहेरच माडाखाली उभी. सोबत त्यांचा मुलगा, इंग्लंडला असतो, नाताळच्या सुट्टीत बायको-मुलांना घेऊन आलेला.

सर म्हणाले, "अरे, उद्या पहाटे पाचला बेळगावला निघायचंय, भाचीचं लग्न आहे. चाकं फार घाण दिसतात, जरा बाहेरून धुऊन पॉलिश मारून दे. अर्ध्या तासात होईल ना?"

मी खाली बसून बघितलं. पुढच्या दोन्ही अलॉयवर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर, काळी भुकटी बसलेली, ती ब्रेकची, पॅड आणि डिस्क झिजून लोखंडाचे बारीक कण उडतात आणि गरम असतानाच रिमला चिकटतात. काही ठिकाणी पांढरट ढग आले होते, ते कुठल्यातरी वॉशिंग सेंटरला अ‍ॅसिड मारल्याचे, कारण अ‍ॅसिडने दोन मिनिटांत चाक चमकतं खरं पण वरचं लॅकर, म्हणजे रिमवरचा पारदर्शक थर, खाऊन टाकतं. आणि रिमच्या कडेला लॅकरच्या खालून बारीक गांडुळासारख्या पांढऱ्या रेघा गेलेल्या. हे मिठाचं काम. मी म्हटलं, सर, खोलून धुवूया, दोन तास लागतील.

"खोलायचं कशाला? आत कोण बघतोय?"

तेव्हा मुलगा मधे बोलला. म्हणाला, बाबा, आमच्याकडे थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून रात्री गाड्या जाडं मीठ टाकत फिरतात, ते सगळं उडून चाकाच्या आतल्या बाजूला बसतं, मी दर आठवड्याला बादली घेऊन चाकं धुतो नाहीतर दोन-तीन वर्षांत रिमची वाट लागते. पण इथे कुठे मीठ टाकतात?

इथे टाकायची गरजच नाही हो. इथे समुद्रच टाकतो. आणि एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही म्हणून सांगतो, पावसाळ्यात लोक गाडीची काळजी करतात पण पावसाळ्यात निदान मीठ धुऊन तरी जातं, रोज वरून गोडं पाणी पडत असतं. मीठ बसतं ते पाऊस गेल्यावर. ऑक्टोबरनंतर सहसा थेंब नाही, समुद्राकडून वारा, त्यात तांबडी धूळ, रात्री दव पडलं की ते मीठ ओलं होतं, दिवसा सुकतं, परत रात्री ओलं. मीठ हवेतलं पाणी स्वतःच ओढून घेतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरात गाडी सुकी दिसली तरी चाकाच्या आत ओल असते. म्हणजे आमच्याकडे चाकाला खरी जपायची वेळ हिवाळाच.

वर मुलाने हळूच सांगितलं की परवा संध्याकाळी मुलांना घेऊन मोरजीला गेलो होतो, थोडी गाडी वाळूत घातली, भरतीचं पाणी चाकांना लागलं. मी काही बोललो नाही. किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे हे त्याला माहीत होतं आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

सर शेवटी खुर्चीवर बसले, पेपर उघडला. मी पुढचं डावं चाक घेतलं, नट सुटले पण चाक हलेना. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलेलं. हब लोखंडाचा, चाक अ‍ॅल्युमिनियमचं, मधे खारं पाणी गेलं की दोघांचं जमत नाही, गंज धरून एकमेकांना जाम पकडतात. रस्त्यात रात्री पंक्चर झालं असतं तर सरांना हे चाक निघालं असतं का? नट दोन-तीन आटे परत चढवून ठेवले, म्हणजे चाक अंगावर येऊ नये, आणि रबरी हातोड्याने आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ठोकलं. सहाव्या-सातव्या ठोक्याला कडकन आवाज आला आणि सुटलं.

आतली बाजू बघून मुलगा गप्पच झाला. तांबडी माती, वाळू, मीठ, ब्रेकची भुकटी सगळं मिळून बोटभर जाड थर, सिमेंटसारखा.

धुताना मी घाई करत नाही. चाक आधी थंड हवं, गरम रिमवर गार पाणी किंवा केमिकल मारायचं नाही, आणि सावलीत धुवायचं. पहिल्यांदा नुसतं पाणी, भरपूर, वाळू सगळी निघेपर्यंत, कारण वाळू असताना ब्रश मारला की आपणच पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. मग साधा गाडीचा शॅम्पू आणि मऊ ब्रश. चाकांची बादली आणि फडकं वेगळं, ते बॉडीला लावायचं नाही. मग लोखंडाचे कण काढायचं लिक्विड मारतो, त्यात अ‍ॅसिड नसतं, ते कणांना लागलं की जांभळं होऊन खाली ओघळतं. ते सुकायच्या आत धुऊन टाकायचं. टायरला वेगळा कडक ब्रश, टायर तपकिरी दिसतो तो नुसता मळ नसतो, रबराला चिरा पडू नयेत म्हणून त्यात जे मेणासारखं घातलेलं असतं ते हळूहळू वर येऊन तपकिरी होतं. फेस पांढरा येईपर्यंत घासतो.

तर त्या चाकाच्या आतल्या साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर, मी साबणाच्या फेसात हात फिरवत होतो, डोळ्यांना काही दिसत नव्हतं नुसता फेस, आणि हाताला उंचवटा लागला.

परत हात फिरवला. परत तिथेच. पाणी मारलं तर अर्ध्या लिंबाएवढा फुगा, गुळगुळीत, गोल. त्याच्या समोरच रिमची आतली कड थोडी दबलेली. माझ्या पोटात गोळा आला. असा फुगा येतो म्हणजे आतले दोरे तुटलेले असतात, चाक खड्ड्यात जोरात आपटलं की रिम आणि रस्त्याच्या मधे टायर चिमटतो आणि दोरे तुटतात, मग हवा धरायला तिथे नुसतं वरचं रबर उरतं. बाहेरून हा टायर एकदम चांगला, नक्षी पण भरपूर. आणि हाच टायर उद्या पहाटे पाच माणसं, डिकीभर सामान घेऊन साखळी, केरी या गावांवरून चोर्लाचा घाट चढणार होता.

सरांना हाक मारली. सर आले, चष्मा वर केला, बघितलं. म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये रात्री एका खड्ड्यात धाडकन गेली होती खरी. पण त्यानंतर चालतेच आहे की. आल्यावर बदलू."

मी नाही म्हटलं. ज्या माणसाने मला पाढे शिकवले त्याला नाही म्हणायला जीभ वळत नव्हती पण म्हटलं, सर, या टायरवर मी तुम्हाला घाटात पाठवणार नाही.

सरांचा आवाज चढला. "मग काय, लग्नाला जाऊ नको? तू मला शिकवतोस आता?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांचा हात धरला आणि त्यांचं बोट त्या फुग्यावर ठेवलं, आणि जरा दाबायला लावलं. मग तेच बोट बाजूच्या चांगल्या जागेवर ठेवलं. दोन्हीकडे दाबून सरांनी परत फुग्यावर बोट ठेवलं. बराच वेळ तसेच वाकून उभे होते. मग मुलाला म्हणाले, "आईला फोन कर, जेवायला उशीर होईल सांग."

स्टेपनी काढली तर त्यात हवेचा दाब जेमतेम १४ पीएसआय. टायरवर चार आकडे असतात, ३२१७, म्हणजे २०१७ सालचा ३२वा आठवडा, चारही टायर त्याच सुमाराचे आणि स्टेपनी पण. तेव्हा सात वर्षं झाली होती. ठरवलं, पुढचे दोन्ही नवीन, कारण एकाच एक्सलवर एक जुना एक नवीन बरा नाही, आणि मागच्या दोघांना तपासून चालवायचं. साइज माझ्याकडे नव्हती. म्हापशाला फोन केला तर पावणेएक झालेला, म्हणाले आता बंद करतो, साडेतीननंतर या. दुपारी आमच्याकडे दुकानं बंद, त्यावर काही उपाय नाही.

मग मुलगा पँट वर करून माझ्याबरोबर चाकं धुवायला बसला. हात चांगला चालत होता त्याचा. म्हणाला, तिकडे सात डिग्रीच्या खाली गेलं की साधं रबर कडक होतं म्हणून काही जण थंडीचे वेगळे टायर घालतात, आणि काढलेला सेट धुऊन, सुकवून अंधारात ठेवतात. आमच्याकडे त्याची गरज नाही पण धुऊन सुकवून ठेवायची सवय किती चांगली.

मागचं उजवं चाक त्यानेच धुतलं आणि त्याच चाकात दुसरं निघालं. सर बोलता बोलता म्हणाले, या चाकात दर आठवड्याला सहा-सात पॉइंट, म्हणजे पीएसआय, हवा कमी होते, पण थंडीत होतेच ना. थंडीने हवा कमी दाखवते हे खरं, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय, पण गोव्यात दुपारी बत्तीस आणि पहाटे वीस धरलं तरी दोनाचाच फरक, आणि तोही चारही चाकांत सारखा यायला हवा. एकाच चाकात सात म्हणजे गळतीच. टाकीत बुडवलं तर खिळ्याचा एक मोठा बुडबुडा नाही, रिमच्या कडेने विंचरल्यासारखे बारीक बारीक बुडबुडे. टायर उतरवला तर जिथे बीड, म्हणजे टायरची कड, रिमवर बसतं तिथे पांढरी पावडर, परत मिठाचंच काम. वायरब्रशने, मग बारीक पेपरने घासून चकचकीत केलं, सीलर लावला, व्हॉल्व्ह नवीन घातला. परत बुडवलं. पाणी शांत.

चार वाजता माझा पोरगा स्कूटर घेऊन म्हापशाला गेला. डिसेंबरातली हायवेची ट्रॅफिक, त्याला दोन टायर बांधून यायला सहा वाजले. तोपर्यंत सरांनी हातातला पेपर तीनदा वाचला असेल, पण एकदाही घाई कर म्हणाले नाहीत. दबलेली रिम मशीनवर फिरवून बघितली, आतली कड सोडून सरळ होती, चिर कुठे नव्हती, म्हणून ठेवली. हब वायरब्रशने साफ केले, मधल्या गोल कडेला अगदी पातळ ग्रीसचा हात दिला, नटबोल्टांना मात्र ग्रीस अजिबात नाही. रिमना आतून पण वॅक्स लावलं, पुढच्या वेळी मळ नुसत्या पाण्याने सुटतो. टायर पॉलिश पाण्यावालं, फक्त साइडवॉलला, नक्षीवर एक थेंब जाऊ दिला नाही. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने (ठरवलेला जोर आला की तो कट वाजतो), गाडीच्या पुस्तकात दिलेत तेवढेच. हवेच्या गनने कडकडीत आवळले की रस्त्यात कोणाच्या बापाला सुटत नाहीत.

सरांना सांगितलं, घरी जाताना दोन-चारदा हळू ब्रेक दाबा, डिस्क सुकतील, आणि बेळगावला पोचल्यावर नट एकदा तपासून घ्या. सरांनी पैसे दिले आणि तो जुना टायर नेऊ का विचारलं. मी म्हटलं, सर, हा मला ठेवू द्या. तो अजून दुकानात लटकतोय, फुग्याभोवती खडूने गोल केलाय. चाकं खोलायची कशाला विचारणाऱ्याला मी आधी त्यावर बोट ठेवायला लावतो.

चार दिवसांनी, दोन जानेवारीला गाडी परत दुकानासमोर थांबली. सून आणि मुलं पण होती, सरांच्या हातात बेळगावच्या कुंद्याचा डबा. म्हणाले, तिकडे लग्नाच्या गडबडीत नट तपासायचे राहिले, आता तू बघ. मी पाना घेऊन खाली बसलो, सर माझ्या बाजूला वाकून उभे राहिले. चारही चाकं फिरलो, दर नटाला पाना कट वाजला, एकही हलला नव्हता.